पाटल्यांतले सोने आले कोठून?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानावरून)



आजच्या व्याख्यानाचा विषय भूशास्त्राचा आहे असे कळल्यावर दोघीतिघींनी विणकाम बरोबर आणलेले मला येथून दिसत आहे. त्यांनी ते खुशाल चालू ठेवावे. माझे एवढेच म्हणणे आहे की टाके मोजताना मध्येच हातातल्या बांगड्यांकडे एकदा पाहावे. आजचा विषय त्यांचाच आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे जे बोलणे निघाले ते पुष्कळजणींना आठवत असेल. सोन्याचा भाव, सराफाची घडणावळ, घट किती धरतात, हे सर्व झाल्यावर आपल्या एका काकूंनी विचारले, “अहो, पण हे सोने मुळात जमिनीत आले कोठून? पेरले का कोणी?” आपण सगळ्याजणी हसलो. लगेच दुसरीने विचारले, “घरचा जुना दागिना मोडून नवा करावा की नाही? आमच्या सासूबाई अशुभ म्हणतात.” त्यावर बरीच वादावादी झाली आणि पाने-सुपाऱ्या देण्याच्या गडबडीत दोन्ही प्रश्न तसेच राहिले.

मी जन्मभर हाच विषय शिकविला. म्हणून चिटणीसबाईंनी उत्तर देण्याचे काम माझ्याकडे सोपविले. माझ्या मते ही दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकींना लागूनच आहेत. पहिल्याचे उत्तर नीट कळले की दुसरे फारसे अवघड राहत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सोने काही ठिकाणीच आहे असे आपण समजतो. तसे नाही. ते सर्वत्र आहे. आपल्या अंगणातल्या फरशीत आहे, पाट्यावरवंट्यात आहे, रस्त्याच्या खडीतही आहे. पण किती? एक टन साधा दगड घेतला तर त्यात सोने निघेल दोन ते चार मिलिग्रॅम, काही ठिकाणी त्याहूनही कमी. चिमटीत धरावे म्हटले तर सापडणार नाही इतके. या हिशेबाने दहा ग्रॅम सोन्यासाठी सुमारे तीन हजार टन दगड फोडावा लागेल. म्हणजे दहा-दहा टनांचे तीनशे ट्रक. असे सोने कोण काढील? खाणीत मात्र टनामागे पाच-सात ग्रॅम सोने मिळाले तरी ती चांगली खाण समजतात. म्हणजे खाणीच्या जागी सोने साध्या दगडाच्या हजारो पट दाटलेले असते. तेव्हा खरा प्रश्न सोने आले कोठून हा नसून, ते गोळा कोणी केले, हा आहे.

आले कोठून, याचे उत्तर थोडक्यात सांगून टाकते. ते पृथ्वीवर तयार झालेले नाही. सोन्यासारखे जड पदार्थ ताऱ्यांच्या प्रचंड उत्पातांत घडतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन अतिशय घट्ट, मृत ताऱ्यांची टक्कर झाल्याची चाहूल शास्त्रज्ञांना लागली आणि तिच्या प्रकाशात असे जड पदार्थ निर्माण होत असल्याची खूण सापडली. त्या टकरीचा मागोवा घेणाऱ्या दुर्बिणींत आपल्या पुणे जिल्ह्यातील खोडदची महादुर्बीणही होती. पृथ्वी घडत असताना तिच्या वाट्याला आलेले बहुतेक सोने लोखंडाबरोबर तिच्या गाभ्यात खोल जाऊन बसले. वरच्या कवचात उरले ते चिमूटभर, आणि तेही पीठ चाळताना उडावे तसे सर्वत्र विखुरलेले.

आता हे विखुरलेले सोने वेचून एका जागी आणणारी कोणी तरी हवी. ती म्हणजे पाणी. साधे नव्हे, कढत पाणी.

पाण्याचा हा स्वभाव आपल्याला स्वयंपाकघरात रोज दिसतो. खडीसाखर करताना पाकात साखर विरघळते, दिसेनाशी होते, आणि पाक निवू लागला की दोऱ्याभोवती तिचे स्वच्छ खडे बांधले जातात. न्हाणीघरातला बंब किंवा बोअरचे पाणी तापविणारी किटली वर्षभर वापरली की आतून पांढरा क्षार धरते. तो क्षार आपण आत टाकलेला नसतो. पाण्याने तो जमिनीतून विरघळवून आणलेला असतो. एका ठिकाणी उचलावे, दुसऱ्या ठिकाणी ठेवावे, हे पाण्याचे काम. जमिनीखाली दोन-चार मैलांवर हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चालते, आणि तेथे पाणी दोनशे ते चारशे अंश तापलेले असते. इतके तापूनही त्याची वाफ होत नाही, कारण वरच्या खडकांचा दाब असतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांवर गेले तरी उकळून उडून जात नाही, त्याचेच हे थोरले रूप.

अशा कढत पाण्याची धाकटी भावंडे आपण पाहिलेली आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे किंवा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचे झरे घ्या. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. कोठे कोठे त्याला गंधकाचा वास येतो. तो वास लक्षात ठेवा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोणी विचारील, मग आपल्या सह्याद्रीत सोन्याच्या खाणी का नाहीत? आपला काळा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा आहे. कढत पाणी त्याच्यातूनही फिरले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत विहिरी खणताना दगडाच्या पोकळीत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक सापडतात. ते त्या पाण्यानेच ठेवलेले. पण आपला कातळ थरावर थर असा निवांत पडून राहिला. तो खोल गाडला गेला नाही, पिळला गेला नाही, पुन्हा भाजला गेला नाही. सोने गोळा होण्यासाठी खडकाला बहुधा हे सारे सोसावे लागते. विदर्भात नागपूर-भंडाऱ्याकडे याहून फार जुने, असे सोसलेले खडक आहेत आणि तेथे सोन्याच्या खुणा सापडलेल्या आहेत. आपल्याला निसर्गाने स्फटिक दिले, कर्नाटकाला सोने दिले, असे म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, सोने पाण्यात विरघळते कसे? जन्मभर हातात बांगड्या घालून आपण भांडी घासली, धुणे धुतले. बांगडी काही विरघळली नाही. अगदी खरे आहे. नुसते पाणी सोन्याला काहीही करू शकत नाही. त्याला एक सोबती लागतो, आणि तो सोबती म्हणजे गंधक.

चांदीची भांडी कपाटात राहिली की काळी पडतात. हवेतल्या गंधकाशी चांदीची गट्टी जमते, म्हणून. सोने तसे मानी आहे. आपल्या घरातल्या हवेत ते गंधकाकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तीनशे अंशांच्या पाण्यात, खोल दाबाखाली, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गंधकाचा वायू विरघळलेला असला म्हणजे सोन्याचा मानीपणा गळतो. सोन्याचा एकेक अणू गंधकाच्या जोडीने पाण्यात उतरतो आणि त्याच्या कडेवर बसून प्रवास करू लागतो. चांदी आणि शिसे यांना मात्र बहुधा मिठाची सोबत आवडते. खारट, कढत पाण्यातून ती जोडीने जातात, आणि म्हणून आपल्या देशातली चांदी मुख्यतः राजस्थानच्या शिसे-जस्ताच्या खाणींतून निघते. आपले निरांजन आणि शिशाची गोळी ही एका घरची लेकरे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सोने उचलले गेले. पण ते खाली ठेवले केव्हा जाते? सोबती सोडून गेला की. गंधक सोन्याला सोडून कसा जातो, याच्या दोन वाटा सांगते.

पहिली वाट उकळण्याची. कढत पाणी वर येत असता एखाद्या ठिकाणी दाब एकदम कमी झाला, तर ते खळखळून उकळते. कुकरची शिटी उचलली की वाफ सूऽऽ करून सुटते, तसे. त्या वाफेबरोबर गंधकाचा वायू निघून जातो आणि सोने एकटे पडते. एकटे सोने पाण्यात राहू शकत नाही. ते लगेच दगडाच्या भेगेत बसते. ही केवळ कल्पना नाही. न्यूझीलंडमध्ये जमिनीखालच्या कढत पाण्यावर वीज तयार करतात. तेथील एका क्षेत्रात विहिरीच्या नळात दाब कमी करण्यासाठी भोकाची तबकडी बसविलेली असे. त्या तबकडीवर जमलेला थर तपासला तेव्हा त्यात सोने आणि चांदी निघाली. १९८६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या किटलीत क्षार जमतो. त्यांच्या किटलीत सोने जमले!

पापुआ न्यू गिनीत लिहिर नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. तेथे सोन्याची मोठी खाण आहे आणि जमिनीखाली आजही कढत पाणी वाहत आहे. एक किलोमीटरहून खोल विहिरींतून ते पाणी काढून तपासण्यात आले. त्यात एका टन पाण्यात सुमारे पंधरा मिलिग्रॅम सोने निघाले. २००६ साली हिशेब मांडला गेला तो असा: हे पाणी वर्षाला सुमारे २४ किलो सोने वर आणते, तेथील साठा सुमारे १३०० टनांचा, तेव्हा तो जमण्यास सुमारे ५५,००० वर्षे पुरेशी होती. भूशास्त्रात एवढा काळ म्हणजे काहीच नव्हे. पण आपण आपला हिशेब करू. दहा ग्रॅम सोन्यासाठी त्या पाण्याचे किती टँकर रिकामे व्हावे लागतील? दहा हजार लिटरचे सदुसष्ट टँकर, आणि तेही सोन्याचा कण न् कण खाली बसला तर. उन्हाळ्यात एका टँकरसाठी ज्या भगिनी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आहेत, त्यांना सदुसष्ट टँकर म्हणजे काय हे मी सांगावयास नको. आणि लिहिरचे पाणी श्रीमंत आहे. न्यूझीलंडच्या त्या पाण्यात सोने याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच होते.

दुसरी वाट आपल्या जवळची आहे, ती कोलारची. कर्नाटकात कोलारला जे काळसर-हिरवे खडक आहेत ते सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राखाली लाव्हा म्हणून ओतले गेले. त्या वेळी पृथ्वीवर गवताचे पातेही नव्हते. पुढे ते गाडले गेले, दाबले गेले, उभे केले गेले आणि खोलवर भाजले गेले. दगड भाजला की त्याच्या कणांत अडकलेले पाणी बाहेर पडते. कच्ची वीट भट्टीत घातली की तिची वाफ निघते, तसे. हे पाणी सोने आणि गंधक घेऊन भेगांतून वर निघाले. वाटेत त्याला लोह भरपूर असलेला तोच जुना लाव्हा भेटला. गंधकाला लोखंड दिसले आणि त्याने सोन्याचा हात सोडला! लोखंड-गंधकाची जोडी जमून पिवळी चकाकणारी सोनमाखी तयार झाली, आणि सोने बिचारे शेजारीच बसून राहिले. पाणी निवता निवता त्यातली गारही बाहेर पडली. म्हणून कोलारला सोने सापडते ते पांढऱ्या गारगोटीच्या शिरांत आणि त्यांच्या कडेला. भाबडी माणसे सोनमाखीलाच सोने समजून फसतात; पण जाणता माणूस तिला पाहून म्हणतो, खरे सोने येथेच कोठे तरी आहे.

या शिरा एका दिवसात भरत नाहीत. भूकंप झाला की भेग उघडते, दाब पडतो, पाणी आत धावते, थोडी गार व थोडे सोने ठेवते, भेग बुजते. पुन्हा दाब वाढतो, पुन्हा भूकंप, पुन्हा एक थर. शिरेचा तुकडा आडवा कापला तर पुष्कळदा चिरोट्यासारखे पदर दिसतात. प्रत्येक पदर म्हणजे एकेका हादऱ्याची आठवण. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याला आणखी एक पुस्ती जोडली. गॅस पेटविण्याचा लायटर आपण दाबतो तेव्हा आतल्या एका खड्यावर ठोका बसून ठिणगी पडते. ठोका बसला की वीज निर्माण करण्याचा तसाच गुण गारगोटीत आहे. भूकंपाच्या हादऱ्याने गारेत क्षणभर वीज येत असावी आणि तिच्यामुळे पाण्यातले सोने आधीच बसलेल्या सोन्यावर पुन्हा पुन्हा जमत असावे, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. गारेत मोठमोठे सुवर्णखंड कसे होतात या जुन्या कोड्याचे हे एक उत्तर आहे.

एवढे झाले पृथ्वीचे काम. तिने कोट्यवधी वर्षे घेऊन विखुरलेले गोळा केले. आता माणसाचे काम.

पांढऱ्या गारेच्या शिरांचा मागोवा आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच काढला होता. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खोदकाम सापडले आहे. दगड जाळ लावून तापवायचा, वर पाणी ओतायचे आणि तो तडकला की फोडायचा. या रीतीने माणसे कित्येकशे फूट खोल गेली होती. १९५६ पर्यंत रायचूर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा हट्टी काही परकी नव्हे. ती खाण आजही चालू आहे.

कोलारला आधुनिक खाण सुरू झाली १८८० च्या सुमारास. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज तेथे पोहोचली. त्या वेळी आपल्या बहुतेक गावांत कंदीलच होते. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तेथे खडकच साठ अंशांहून अधिक तापलेला. इतक्या खोल जागेचा उपयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने करून घेतला आणि १९६५ साली आकाशातून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अदृश्य कणांची चाहूल तेथे टिपली. हा अभिमानाचा भाग झाला. दुसरा भाग असा की एवढ्या खोल दगड पोखरला म्हणजे उरलेला दगड दाबाने एकाएकी फुटतो. अशा स्फोटांत पुष्कळ कामगार दगावले. जे वाचले त्यांतील कित्येकांना गारेच्या धुळीने छातीचा रोग जडला. ते बहुतेक तमिळ मुलखातून पोटासाठी आलेले गरीब लोक. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. मागे सायनाइड वापरून सोने काढून घेतलेल्या मातीचे डोंगर राहिले. वारा सुटला की ती धूळ वस्तीवर येते.

येथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९७५ साली मी कॉलेजात होते. आमची सहल दक्षिणेतील एका सोन्याच्या खाणीवर गेली. वर्गात मुली दोनच. पाळण्यापाशी गेल्यावर आम्हाला सांगण्यात आले की बायकांना खाली जाता येणार नाही. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास मनाई होती, आणि आम्हा पाहुण्यांनाही तोच नियम लावला गेला. २०१९ साली सरकारने ही मनाई काही अटींवर सैल केली आणि आता मुली खाणीत इंजिनियर म्हणून उतरू शकतात. त्या दिवशी मात्र आमच्याबरोबरची मुले डोक्यावर टोप घालून खाली गेली आणि आम्ही दोघी वर, कामगारांच्या चाळीपाशी बसून राहिलो.

तेथे एक बाई पाणी भरीत होती. तिचा नवरा खाली होता. तिची भाषा आम्हाला येईना. शेजारच्या कारकुनाच्या पत्नीने मधे बोलून आमचे काम चालविले. ती म्हणाली, “जमीन हलली की आम्ही सगळ्या दाराबाहेर येऊन उभ्या राहतो. कोणी काही बोलत नाही. पाळी सुटून माणसे वर आली की मग घरात जातो.” मग तिने माझ्या हातातल्या पाटल्यांना बोट लावून विचारले, “याला किती दगड लागला असेल?” त्या आईच्या पाटल्या होत्या, सहलीला नको नको म्हणत असता हौसेने घातलेल्या. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, वर्गात पहिली येणारी. पण मला उत्तर देता आले नाही. तिने विचारले ते कुतूहलाने, टोचून बोलण्यासाठी नव्हे. तरीही परतीच्या गाडीत मी पाटल्या काढून पिशवीत ठेवल्या.

ते उत्तर मी आज देते. पाटल्या दोन तोळ्यांच्या. शुद्ध सोने धरले तर एकवीस ग्रॅमवर थोडेसे. टन दगडात पाच ग्रॅम सोने धरले तर सव्वाचार टन दगड. तो कोणी तरी अंधारात, उकाड्यात फोडला आणि वर आणला. त्याची बायको दाराबाहेर उभी राहिली.

आणि आता एक मोठा हिशेब. कोलारच्या खाणींतून सुमारे १२० वर्षांत मिळून निघालेले सोने आहे सुमारे ८०० टन. २०२४ या एकाच वर्षात आपल्या देशात सोन्याची खरेदी झाली तीही सुमारे ८०० टन! चार पिढ्या माणसांनी जे खणले तेवढे आपण बारा महिन्यांत घेतो. देशातल्या खाणींतून वर्षाला निघते ते दोन टनांच्या आसपास. बाकी बहुतेक परदेशातून आणावे लागते, म्हणजे तेथल्या कोणाच्या तरी अंगणात मातीचे डोंगर उभे राहतात. आणि आपल्या घराघरांतील डब्यांत मिळून आजच सुमारे पंचवीस हजार टन सोने असावे असा अंदाज आहे. भगिनींनो, देशातली सर्वांत मोठी सोन्याची खाण कोलारला नव्हती, हट्टीला नाही. ती आपल्या कपाटांत आहे.

म्हणून त्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर: जुने जरूर मोडावे. सोन्याला गंज नाही, वय नाही. सराफाच्या मुशीत ते वितळते ते काही पहिल्यांदा नव्हे. त्याआधी ते कढत पाण्यात विरघळून, भेगांत बसून, कोणाच्या तरी हातून फुटून आलेले असते. आटवताना त्याचा एक कणही जुनाट होत नाही. आजीच्या गोठांत कोलारचे सोने असेल, आफ्रिकेचे असेल, एखाद्या जुन्या मोहरेचे असेल. कोणालाच सांगता यावयाचे नाही. मोडल्याने आजीची आठवण जात नाही. नवे घेतल्याने मात्र आणखी दगड फुटतो.

हे मी शहाणपणा शिकविण्यासाठी सांगत नाही. मुलीच्या लग्नात मी स्वतः कर्ज काढून सोने घेतले होते. सासरच्यांनी काही मागितले नव्हते. चार माणसे काय म्हणतील एवढ्याच भीतीने घेतले. आईच्या पाटल्या पेटीत होत्या, पण जुन्या घडणीच्या, लोक हसतील, म्हणून काढल्या नाहीत. ते कर्ज फेडण्यास आम्हाला सहा वर्षे लागली, आणि त्या सहा वर्षांत धाकट्या मुलाची परगावच्या शिक्षणाची संधी गेली. सारा हिशेब मला येत होता. तो मी वर्गात फळ्यावर मांडीत होते. घरात मात्र मांडला नाही.

गेल्या वर्षी नातीचे लग्न ठरले तेव्हा मी त्या पाटल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि खाणीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. आमच्या वन्सं रागावल्या. आईची वस्तू मोडते म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. नात माझ्याबरोबर सराफाकडे आली. तिने मंगळसूत्राच्या वाट्या आणि दोन बारीक बांगड्या करून घेतल्या. नवे सोने एक गुंजही घेतले नाही. वजन किती, असे मांडवात दोघीतिघींनी विचारले. तिने उत्तर दिले, “सव्वाचार टन.” विचारणाऱ्या गोंधळल्या, पण पुन्हा कोणी विचारले नाही.

दागिना घालू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. मला स्वतःला हौस आहे, आणि अडीनडीला स्त्रीच्या हाताशी तेवढाच आधार असतो हे मी जाणते. माझी विनंती लहानशी आहे. आपल्या मंडळात लग्नाची वार्ता आली की “किती तोळे घातले?” हा प्रश्न आपण विचारू नये. हळदीकुंकवाला तर नकोच. दुसरे, ज्यांना जुने आटवून घ्यावयाचे आहे त्यांनी एकटीने जाऊ नये. शुद्धता तपासून घ्यावी, वजन आपल्या समोर करून घ्यावे, आटविण्यापूर्वीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. मंडळाच्या दोन भगिनी बरोबर गेल्या तर धीर येतो. हे काम मी आनंदाने करीन. माझे घर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

काकूंनी विचारले होते, सोने पेरले का कोणी? पेरले नाही, काकू. पण वेचले मात्र आहे. आधी पाण्याने, मग माणसांनी. त्या दोघांच्या कष्टांची जाणीव ठेवून आपण ते अंगावर घालावे, एवढेच मला सांगावयाचे होते.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतले, विणकामही पुष्कळ पुढे गेलेले दिसते.